संगणक-सल्ला व्यवसायातील उमेदवारीची भाषा : बीड जिल्ह्यातील पदवीधरांच्या संदर्भात

'सॉफ्टवेअर कन्सल्टन्सी' या जोडशब्दाला मराठीत अद्याप सर्वमान्य प्रतिशब्द लाभलेला नाही. 'आज्ञावली' आणि 'सल्लासेवा' हे दोन शब्द शेजारी ठेवले तरी व्यवसायाचे स्वरूप त्यांतून उलगडत नाही. कारण अशा कंपनीत नव्याने लागलेला पदवीधर कोणासही सल्ला देत नसतो, आणि पुष्कळदा पहिले काही महिने तो आज्ञावलीही लिहीत नसतो. 'मुलगा काय करतो?' या प्रश्नाला गावाकडे 'कंपनीत आहे, कॉम्प्युटरवर' एवढेच उत्तर मिळते, आणि ते देणाऱ्या आईबापांचा त्यात दोष नाही. प्रस्तुत लेखात या व्यवसायाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या बीड जिल्ह्यातील पदवीधरास ज्या भाषाव्यवहाराशी गाठ घालावी लागते, त्याचे स्वरूप स्पष्ट करण्याचा हेतू आहे.

प्रथम व्यवसायाचे मर्म. अशी कंपनी माल विकत नाही. ती माणसांचे तास विकते. परदेशातील एखाद्या बँकेस किंवा विमा कंपनीस आपला हिशेब, आपली दाव्यांची नोंद संगणकावर ठेवावयाची असते. त्यासाठी लागणारी माणसे कंपनी पुरविते, आणि त्यांच्या तासांचे अथवा ठरलेल्या कामाचे बिल ग्राहकास लावते. ग्राहक आपली गरज बोलतो, कंपनीतील कोणी ती लिहून काढतो, आणि शेवटी ती गरज यंत्रास कळेल अशा कृत्रिम भाषेत उतरविली जाते. म्हणजे या धंद्याचा कच्चा माल भाषा हाच होय, आणि पक्का मालही भाषाच. तथापि नोकरीच्या मार्गदर्शनावरील बहुतेक पुस्तिकांत भाषेचा विचार 'इंग्रजी सुधारा' या दोन शब्दांत आटोपलेला असतो.

पोटाची विद्या घरच्या भाषेहून वेगळ्या भाषेत शिकण्याचा प्रसंग या जिल्ह्यास नवा नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड हा हैदराबाद संस्थानचा भाग होता. संस्थानची राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दू होते, आणि त्यासाठी शास्त्रीय ग्रंथांचे भाषांतर करणारे स्वतंत्र खाते चालविले जात होते. आज सत्तर-ऐंशीच्या घरात असलेल्या पिढीचे वाडवडील घरी मराठी आणि कचेरीत उर्दू असा व्यवहार करीत. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९५८ मध्ये औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले, आणि सरकारी नोकरीची भाषा मराठी झाली. संगणकाच्या नोकरीने तिसरी भाषा आणली. ज्या अंबाजोगाईशी मुकुंदराजाचे नाव निगडित आहे, तेथे 'ज्ञान कोणत्या भाषेत सांगावे' हा प्रश्न तर कितीतरी शतकांचा जुना आहे. फरक इतकाच की फारसी-उर्दूच्या कारभारातून मराठीस मसुदा, शेरा, दाखला, नक्कल यांसारखे मुख्यतः फारसी-अरबी मूळ असलेले शब्द मिळाले आणि ते पचले. इंग्रजीचे पचन अजून चालू आहे.

हा व्यवसाय भारतात कसा रुजला, हे थोडक्यात सांगता येईल. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस १९६८ मध्ये मुंबईत निघाली. फकीरचंद कोहली हे तिच्या आरंभकाळापासूनचे सूत्रधार. इन्फोसिसची स्थापना १९८१ मध्ये पुण्यात झाली आणि दोन वर्षांनी ती बंगळुरास गेली. पर्सिस्टंट सिस्टिम्स १९९० मध्ये पुण्यातच उभी राहिली. आरंभी माणसांना परदेशी ग्राहकाच्या दारात नेऊन काम करावे लागे. पुढे उपग्रहाद्वारे जोडणी मिळू लागली, १९९१ मध्ये सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कची योजना आली, आणि काम येथे बसून करता येऊ लागले. दुसरीकडे १९८३ पासून महाराष्ट्रात खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांस परवानगी मिळाली. अंबाजोगाईसारख्या गावी अभियांत्रिकीचे शिक्षण मिळू लागले ते याच दशकात. त्यामुळे पदवी जिल्ह्यात आणि नोकरी हिंजवडीत किंवा खराडीत, अशी वाटणी झाली. बीड शहरास रेल्वेची शिटी ऐकावयास मिळाली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, अहिल्यानगरहून लोहमार्ग पोचला तेव्हा. तोवर या पदवीधरांच्या दोन पिढ्या रात्रीच्या एसटीने पुण्यास गेल्या होत्या.

प्रवेशाची रीत साधारणपणे ठरलेली आहे : संगणकावरील चाळणी-परीक्षा, तांत्रिक मुलाखत, मनुष्यबळ विभागाची मुलाखत, आणि मग नियुक्तिपत्र. या पत्राची भाषा सावकाश वाचण्याजोगी असते. त्यात वर्षाचा जो आकडा ठळक असतो तो पगार नव्हे. तो कंपनीस पडणारा एकूण खर्च असतो. मोठ्या सेवा-कंपन्यांत नवशिक्यासाठी हा आकडा दीर्घकाळ साडेतीन लाखांच्या आसपास रेंगाळला आहे. त्यात भविष्यनिर्वाह निधीतील मालकाचा हिस्सा धरलेला असतो, बहुधा उपदानाची तरतूदही धरलेली असते, आणि कधी कधी कामगिरीवर अवलंबून असलेला भागही. हाती येणाऱ्या रकमेतून कर्मचाऱ्याचा स्वतःचा निधीचा हिस्सा, म्हणजे मूळ वेतनाच्या १२ टक्के, पुन्हा वजा होतो. महाराष्ट्रात दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसायकर पडतो. स्त्रियांस मात्र २५,००० रुपयांपर्यंतच्या मासिक वेतनावर तो माफ आहे. घरच्यांनी आकड्यास बाराने भागून मनोरे रचण्यापूर्वी ही वजाबाकी करून घ्यावी.

कागदपत्रांच्या पडताळणीत एक गोष्ट बीडच्याच नव्हे तर महाराष्ट्रातील सर्व उमेदवारांस छळते, ती म्हणजे नावाचा क्रम. शालान्त परीक्षेच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे, असा क्रम असतो. आधार आणि पॅन यांवर तो उलटा असू शकतो. आणि कंपनीच्या अर्जात 'पहिले नाव' व 'शेवटचे नाव' असे दोनच खाने असतात. परिणामी एकाच व्यक्तीची तीन नावे तयार होतात. लग्न झालेल्या मुलीच्या बाबतीत चौथेही. पदवीच्या शेवटच्या वर्षातच सर्व कागदांवरील नावे जुळवून घेणे, हा या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत स्वस्त उपाय होय.

नियुक्तिपत्र आणि रुजू होण्याची तारीख यांत किती काळ जाईल, याची हमी पत्रात क्वचितच असते. २०२२ साली पत्रे मिळालेल्या काही पदवीधरांना तब्बल दोन वर्षे वाट पाहावी लागली, हे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झालेले आहे. शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते मात्र पत्राची वाट पाहत नाहीत.

यानंतर येतो तो 'बॉण्ड'. ठरावीक मुदतीपूर्वी नोकरी सोडल्यास ठरावीक रक्कम भरावी लागेल, असा हा करार. बीड जिल्ह्यातील कुटुंबांस या शब्दाचा जो अर्थ ऐकताक्षणी लागतो, तो ऊसतोडीच्या 'उचल' या शब्दावरून लागतो. दसरा-दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडण्यास जाणाऱ्या कुटुंबास मुकादम आधी उचल देतो, आणि हंगामभर राबून ती फेडावी लागते. दोन्हींत बांधिलकी असली तरी व्यवहार निरनिराळे आहेत. उचलीत पैसा खरोखर हातात पडलेला असतो. बॉण्डमध्ये पैसा घेतलेला नसतो, प्रशिक्षणाची किंमत कंपनीनेच ठरवून लिहिलेली असते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ नुसार करारभंगाबद्दल वाजवी भरपाईच मागता येते, आणि करारात लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा होय. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये तीन वर्षांची किमान सेवा अथवा दोन लाख रुपये ही अट वैध ठरविली. पण तेथे सार्वजनिक बँकेच्या भरतीचा खर्च व तिची प्रक्रिया यांचा विचार झालेला आहे, हे लक्षात घ्यावयास हवे. प्रत्येक लहानमोठ्या कंपनीच्या प्रत्येक आकड्यास त्यामुळे आपोआप मान्यता मिळाली, असे समजण्याचे कारण नाही. मूळ गुणपत्रिका दाखविणे पुरेसे असते, ती कोणाच्या स्वाधीन करून बसू नये. आणि जो नोकरी देण्यासाठी आगाऊ अनामत मागतो त्याच्याकडे नोकरी नसते, असे धरून चालावे.

ऊसतोडीची तुलना आणखी एका शब्दापाशी मनोवेधक ठरते. तोडणीच्या करारात नवराबायको मिळून 'एक कोयता' धरतात. एकटा मजूर 'अर्धा कोयता'. हत्यारावरून माणसाची गणना करण्याचा हा लाक्षणिक प्रयोग आहे. सल्लासेवेच्या कचेरीत माणसास 'रिसोर्स' म्हणतात, आणि दोन कामांत वाटलेल्या माणसाची नोंद 'अर्धा रिसोर्स' अशीच होते. कोयत्याच्या कष्टांची बरोबरी वातानुकूलित खोलीतील कामाशी करणे हा अन्याय होईल. तेव्हा साम्य शब्दार्थाच्या घडणीपुरतेच समजावे. श्रम मोजून विकावयाचे ठरले की माणसाचे नाव मागे पडते आणि मापाचे नाव पुढे येते, एवढे या दोन शब्दांवरून दिसते. जो रिसोर्स कोणत्याच ग्राहकास विकला गेलेला नाही, तो 'बेंचवर' असतो. बेंचवर असणे हा नवशिक्याचा अपराध नव्हे; बाजारात मागणी नाही, एवढाच बहुधा त्याचा अर्थ असतो. परंतु शाळेत बाकावर उभे राहण्याची शिक्षा भोगलेल्या मुलास हा शब्द टोचतो, आणि बेंच लांबल्यास नोकरीही जाऊ शकते, म्हणून तो टोचणे रास्तही आहे.

आता प्रत्यक्ष काम. पदवीधराची कल्पना अशी असते की आपणास कोऱ्या पाटीवर नवी आज्ञावली लिहावयास मिळेल. मिळते ती दहापंधरा वर्षांची जुनी, अनेक हातांनी लिहिलेली संहिता, आणि तिच्यातील एखादा दोष काढण्याचे काम. म्हणजे येथे लेखनाआधी वाचन येते. हस्तलिखितांच्या अभ्यासकास हे काम परके वाटणार नाही : मूळ पाठ कोणता, प्रक्षेप कोणता, लेखकाने ही ओळ का घातली असावी. सुदैवाने संगणकाच्या जगात प्रत्येक पाठभेदाची तारीख, बदलणाऱ्याचे नाव आणि कारणाची टीप साठवून ठेवण्याची सोय असते. जुन्या पोथ्यांच्या संपादकांना असे काही मिळाले असते, तर त्यांचे निम्मे आयुष्य वाचले असते!

ज्या भाषेत ही संहिता लिहिलेली असते, तिचे व्याकरण मानवी भाषेच्या व्याकरणाहून कठोर असते. जॉन बॅकस यांनी १९५९ मध्ये अशा भाषांचे व्याकरण नियमरूपाने मांडण्याची पद्धत सुचविली. पीटर नाउर यांनी संपादिलेल्या १९६० च्या 'अल्गोल'-वृत्तांतात ती वापरली गेली. १९६७ मध्ये इंगरमन यांनी एका छोट्या पत्रात दाखवून दिले की तुल्यबळ पद्धती पाणिनीने वापरलेली होती, आणि तीस पाणिनी-बॅकस पद्धती म्हणावे. यावरून पाणिनीने संगणक शोधला असा निष्कर्ष उत्साही मंडळी काढतात, तो सोडून द्यावा. ज्याने शाळेत संधीचे नियम आणि त्यांचे अपवाद क्रमाने लावून पाहिले आहेत, त्यास नियमांच्या क्रमावर फळ अवलंबून असते ही गोष्ट नवी नसते, एवढा निष्कर्ष मात्र रास्त आहे. या भाषेत उच्चाराची थट्टा होत नाही. 'न' आणि 'ण' यांतील घोटाळ्यावरून पुण्यात हसू झालेल्या मुलाची आज्ञावली यंत्र इतर कोणाच्या आज्ञावलीइतक्याच निर्विकारपणे स्वीकारते किंवा नाकारते.

खरी अडचण यंत्राशी बोलताना येत नाही, माणसांशी बोलताना येते. आणि ती इंग्रजी शब्दसंग्रहाची असते असा जो समज आहे, तो अर्धाच खरा आहे. पुढील उदाहरणांतील इंग्रजी शब्द सर्वांस ठाऊक आहेत. अडचण अर्थच्छटांची आहे.

मराठी विद्यार्थी शिक्षकास 'शंका' विचारतो. शंका म्हणजे न कळलेला भागही आणि संशयही. तिचे भाषांतर करून तो ग्राहकास 'आय हॅव अ डाऊट' असे सांगतो. भारतीय कानास हा साधा प्रश्न वाटतो. इंग्लंड-अमेरिकेतील ऐकणाऱ्यास मात्र वाटते की आपल्या म्हणण्याच्या खरेपणाविषयी हा मुलगा संशय घेत आहे. दुसरा शब्द 'रिव्हर्ट'. आपल्याकडील कचेऱ्यांच्या पत्रव्यवहारात त्याचा अर्थ 'उत्तर पाठविणे' असा झाला आहे. प्रोग्रामरांच्या परिभाषेत त्याच शब्दाचा अर्थ 'केलेला बदल मागे घेणे'. 'संध्याकाळपर्यंत रिव्हर्ट करतो' असे लिहिणाऱ्याने उत्तराचे आश्वासन दिले आहे की दिवसभराचे काम पुसण्याचे, हे वाचणाऱ्यावर सोपविले जाते.

तिसरे उदाहरण 'हो' या अव्ययाचे. मराठी संभाषणात ऐकणारा मधूनमधून 'हो, हो' म्हणतो तो बहुधा हुंकार असतो. 'ऐकतो आहे' इतकाच त्याचा आशय. इंग्रजीत 'यस, यस' केले की ग्राहकाच्या वहीत संमतीची नोंद होते, आणि पंधरा दिवसांनी 'तुम्ही हे कबूल केले होते' असे ऐकावे लागते. नकारार्थी प्रश्नात तर गोंधळ पक्का ठरलेला. 'काम झाले नाही ना?' यास 'हो, नाही झाले' हे शुद्ध मराठी उत्तर होय. त्यातील पहिला शब्द तेवढा 'यस' होऊन दूरध्वनीवर पोचला आणि पुढचे शब्द खरखरीत विरले, की न झालेले काम झालेले ठरते.

मराठी सहकाऱ्यांतही सर्व सुरळीत असते असे नाही. बीड, लातूर, परभणी या भागात 'करायलोय', 'जायलोय' ही चालू काळाची रूपे आहेत : 'काम करायलोय' म्हणजे 'काम करीत आहे'. प्रमाण मराठीत 'करायला' हे रूप हेतू दाखविते, म्हणून पुण्यातील ऐकणाऱ्यास 'आता करायला घेईन' असा भास होऊ शकतो. रोज सकाळी उभ्याउभ्या होणाऱ्या बैठकीत काल काय केले, आज काय करणार आणि कोठे अडले एवढे तीनच प्रश्न असतात. म्हणजे सारा भर क्रियापदाच्या काळावर. अशा ठिकाणी बोलीतील एक नियमित, व्याकरणशुद्ध रूप आळसाचा पुरावा ठरू शकते. बोली बदलावी असा याचा अर्थ नाही. 'निम्मे झाले, उरलेले चारपर्यंत' असे माप सांगितले की काळाचा प्रश्नच मिटतो. 'परवा' या शब्दाबद्दलही हीच सावधगिरी हवी. मराठीत तो मागचाही असतो आणि पुढचाही. निवाडा क्रियापद करते, आणि भाषांतर करताना तेच गळते. तारीख सांगावी.

संबोधनाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. ब्राउन आणि गिलमन यांनी १९६० च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात सर्वनामांचा संबंध सत्ता आणि जवळीक यांच्याशी जोडून दाखविला. मराठीत 'तू' आणि 'तुम्ही' यांखेरीज 'अहो-जाहो' व 'अरे-तुरे' यांची सारी बाराखडी आहे. महाविद्यालयात प्रत्येक वडीलधारी व्यक्ती 'सर' किंवा 'मॅडम' असते. कंपनीत मात्र वीस वर्षांनी मोठ्या अधिकाऱ्यासही नुसत्या नावाने हाक मारण्याची रीत आहे. नवा मुलगा 'सर' म्हणू शकत नाही आणि नाव घ्यावयास जीभ उचलत नाही. मग तो हाक मारणेच टाळतो. हाक टाळली की प्रश्न टळतो, आणि प्रश्न टळला की दोन तासांत सुटणारी अडचण तीन दिवस चालते. वरिष्ठ त्यावरून 'संवादकौशल्य कमी' असा शेरा मारतात. वस्तुतः त्या मुलाकडे संवादाचे एक पूर्ण, अत्यंत सूक्ष्म कौशल्य असते. ते दुसऱ्या समाजरचनेसाठी घडलेले आहे, इतकेच. वरिष्ठानेच पहिल्या दिवशी 'मला अमुक म्हणा' असे सांगितले, तर हे ओझे पुष्कळ हलके होते. सांगणे त्याला सोपे आहे, विचारणे नव्याला नाही.

कचेरीतील अनौपचारिक मराठी पाहिली तर भाषा बुडाली अशी हाकाटी करण्याचे कारण दिसत नाही. शब्द इंग्रजी आहेत, पण व्याकरण पक्के मराठी. 'सर्व्हर बसला', 'क्वेरी मारली', 'फाईल उडाली', 'बग निघाला', 'टिकीट उचललं' या वाक्यांत सर्व्हर पुल्लिंगी, क्वेरी आणि फाईल स्त्रीलिंगी, टिकीट नपुंसकलिंगी. आणि हे लिंग कोणत्याही समितीने ठरविलेले नाही. बसणे, मारणे, उडणे, निघणे ही घरची क्रियापदे नव्या वस्तूंना अचूक लागू पडली आहेत. 'संचिका' आणि 'विदा' यांची कोशात स्थापना झाली, पण बोलण्यात त्यांस जागा मिळाली नाही. 'संगणक' मात्र लेखनात टिकला. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ पासून प्रादेशिक भाषांत अभियांत्रिकी शिकविण्याची मुभा दिली आहे, आणि त्याच वर्षापासून प्रवेशाची जेईई मुख्य परीक्षाही मराठीत देता येते. या वर्गांसाठी पुस्तके लिहिताना कोशापेक्षा या बोलीकडे अधिक पाहिले गेल्यास ती वाचली जाण्याची शक्यता आहे.

२०२२ च्या अखेरीपासून भाषेच्या प्रचंड नमुन्यांवर घडविलेली यंत्रे आज्ञावल्या लिहून देऊ लागली आहेत, आणि नवशिक्याच्या वाट्याची सोपी कामे त्यांच्याकडे जात आहेत. भरती कमीजास्त होण्यास याखेरीजही कारणे आहेत, म्हणून सारा दोष यंत्रास देता येत नाही. पण यंत्राने लिहिलेले वाचून त्यातील चूक ओळखणे आणि मुळात हवे काय ते निःसंदिग्ध शब्दांत मांडणे, ही दोन कामे माणसाकडे उरली आहेत. पदवी-अभ्यासक्रमात यांपैकी एकाही कामाचा तास नसतो.

नियुक्तिपत्र आणि रुजू होणे यांमधील रिकाम्या महिन्यांत या दोन्हींचा सराव करता येतो, आणि त्यास शुल्क पडत नाही. मुक्त आज्ञावल्यांची संहिता सर्वांस खुली असते, आणि तिच्याभोवतीचा प्रश्नोत्तरांचा पत्रव्यवहारही. तेथे काय अपेक्षित होते, प्रत्यक्ष काय घडले आणि स्वतः काय करून पाहिले, या तीन गोष्टी क्रमाने सांगितलेल्या प्रश्नास उत्तर मिळते. 'चालत नाही, मदत करा' यास बहुधा मिळत नाही. फायरफॉक्स आणि लिबरऑफिस यांच्या मराठी आवृत्त्या स्वयंसेवकांच्या भाषांतरांतून तयार झाल्या आहेत. त्यांतील एखादी चुकलेली मराठी सूचना दुरुस्त करून पाठविणे, हे केजच्या किंवा माजलगावच्या विद्यार्थ्यास घरबसल्या जमणारे काम आहे, आणि त्यात त्याची मराठी, त्याची इंग्रजी व त्याची आज्ञावली या तिन्हींची एकाच वेळी परीक्षा होते.